रूममेट म्हणाली, "मला आता नकोच वाटतंय." अशा वेळी नेमकं काय करायचं?

निरगुडी | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार. चार वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विद्यापीठाच्या वसतिगृहात राहते. विद्यापीठाचं नाव लिहिणार नाही आणि मैत्रीण ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदललेत. तिला विचारूनच लिहितेय. "दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडणार असेल तर लिही" म्हणाली.

ऑगस्टपासून ती हळूहळू मिटत गेली. आधी मेसला येणं बंद झालं. विचारलं की म्हणायची, भूक नाही. मग सकाळचं प्रॅक्टिकल बुडायला लागलं. दोन विषय राहिले होते, शिष्यवृत्तीचा हप्ता अडकला होता, घरून फोन आला की बाहेर जाऊन बोलायची आणि परत आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडायची. आम्ही तिघी खोलीत. परीक्षेचं टेन्शन असेल असं आम्हीच ठरवून टाकलं.

एका गुरुवारी तिने आजीने शिवलेली गोधडी घडी करून माझ्या पलंगावर ठेवली. "तुला थंडी वाजते ना, तुझ्याकडेच राहू दे." फर्स्ट इयरपासून त्या गोधडीला तिने कुणाला हात लावू दिला नव्हता. मी थँक्यू म्हणाले आणि पांघरून झोपले. हे मला अजून टोचतं.

शनिवारी रात्री अडीचला जाग आली तर ती कपाटाला पाठ टेकून खाली बसली होती. दिवा बंद. म्हणाली, "मला आता नकोच वाटतंय गं." मी घाईघाईने म्हणाले, "असं नको बोलूस, सगळं नीट होईल, आईबाबांचा तरी विचार कर." ती "हं" म्हणाली आणि गप्प झाली. समोर बसलेल्या माणसाने आतून कडी लावून घ्यावी तसं झालं. मग मी पण खाली फरशीवर बसले आणि कुठून सुचलं माहीत नाही, पण सरळ विचारलं, "म्हणजे जीव द्यावासा वाटतोय का?" ती म्हणाली, "हो." आणि त्यानंतर दीड तास बोलत होती.

मग माझी धावपळ. नोटीस बोर्डावरचा रेक्टरांचा नंबर आधीच्या मॅडमचा निघाला, त्या बदलून गेल्याला वर्ष झालं होतं. समुपदेशन केंद्राची वेळ अकरा ते चार, तीही आधी फॉर्म भरून. शेवटी गेटवरच्या वॉचमन मामांना उठवलं. त्यांनी एक शब्द जास्तीचा विचारला नाही. "तू तिच्यापाशी जाऊन बस, बाकी मी बघतो" म्हणाले आणि नव्या रेक्टर मॅडमना त्यांनीच उठवलं. पहाट आम्ही तिघींनी जागून काढली, सकाळी सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागात गेलो. आज याला दोन महिने झाले. तिची औषधं चालू आहेत, मेसला येते, कधीकधी हसते.

आता माझे प्रश्न. वर्गातली एक जण मला म्हणाली, "असं थेट विचारून तूच तिच्या डोक्यात घातलंस." खरंच चुकलं का माझं? "कुणाला सांगणार नाहीस" अशी शपथ तिने घातली होती, ती मी मोडली. आणि रात्री अडीचला कुणाला फोन करायचा असतो? आमच्या मजल्यावर चाळीस मुली आहेत, एकीलाही माहीत नव्हतं.

---

चाफेकळी | रविवार, रात्री ११:०५

गोधडीपाशी थांबले. पुढचं वाचायला वेळ लागला. निरगुडी, तू तिच्याजवळ खाली बसलीस, तिथेच निम्मं काम झालं.

---

ऐकणारी | रविवार, रात्री ११:३०

मी एका कॉलेजात चौदा वर्षं समुपदेशक आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ती शंका मनात ठेवून तू झोपायला जाऊ नयेस.

थेट विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. यावर पुष्कळ संशोधन झालंय आणि जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. विचार आधीपासून तिथेच असतो, एकटा. कुणीतरी त्याचं नाव घेतलं की पहिल्यांदा वाटतं, हे बोलता येतं. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी मुलांनी त्या प्रश्नानंतर खांदे सोडलेले मी पाहिलेत. पण विचारताना "तसलं काही नाही ना करणार?" असं विचारू नका. त्या वाक्यात आपल्याला कोणतं उत्तर हवंय ते आधीच सांगितलेलं असतं, आणि मूल तेच उत्तर देतं. निरगुडीने विचारलं तसं विचारा.

"आईबाबांचा विचार कर" हे आपण सगळेच म्हणतो, मायेनेच म्हणतो. पण जिला आपण घरच्यांवर ओझं झालोय असं वाटतंय, तिने आईबाबांचाच विचार शंभर वेळा केलेला असतो. त्यातूनच ती इथवर आलेली असते. त्यापेक्षा "कधीपासून असं वाटतंय?" हा प्रश्न बरा. आणि मग गप्प बसा. ती शांतता आपल्याला जड जाते, तिला हवी असते.

ती "हो" म्हणाली तर पुढे तीन गोष्टी विचारायच्या: कसं करायचं ते ठरवलंय का, कधी ते ठरवलंय का, आणि त्यासाठी लागणारं काही हाताशी आहे का. ऐकायला भयंकर वाटतं, पण यावरूनच कळतं की सकाळपर्यंत थांबता येईल की आत्ताच दवाखाना गाठायचा. हाताशी जे काही असेल ते गोड बोलून, तिला सांगूनच दूर करायचं. आणि तिला एकटं सोडायचं नाही, बाथरूमला गेली तरी दाराबाहेर उभं राहायचं. टोकाची लाट बहुतेक वेळा काही तासांची असते. ती ओसरेपर्यंत माणूस आणि साधन यांच्यात अंतर ठेवणं, त्या रात्रीचं काम एवढंच.

शपथेचं म्हणशील तर मी मुलांना पहिल्याच भेटीत सांगते: इथलं सगळं माझ्यापाशी राहील, फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर मला आणखी कुणाला तरी सांगावं लागेल, आणि तेही आधी तुला सांगूनच. मैत्रिणीनेही असंच म्हणावं. "मी गुपित ठेवणार नाही, पण तुला टाकूनही जाणार नाही. कुणाला सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू." रागावेल कदाचित. रागावू दे.

---

रात्रपाळी | सोमवार, सकाळी ७:१५

मनोविकारशास्त्रात रेसिडेन्सी करतोय, आत्ताच ड्यूटी संपली. रात्रीच्या फोनचं सांगतो.

१४४१६. टेलिमानस. केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. ज्याला त्रास होतोय त्यानेच फोन करायला हवा असं अजिबात नाही. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने लावला आणि "मी आता काय करू?" एवढं विचारलं तरी चालतं. जिवाला आत्ता धोका असेल तर १०८ ची रुग्णवाहिका किंवा ११२. रिक्षा लवकर मिळत असेल तर रिक्षा. जवळच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा, मानसोपचाराचंच रुग्णालय शोधत फिरू नका.

मुलं यायला घाबरतात ती पोलिसांच्या नावाने. म्हणून सांगतो: नुसते विचार येतात म्हणून आलेल्या पेशंटचा पोलिसांशी काही संबंध येत नाही. मनात येतंय ते डॉक्टरला सांगणं हा गुन्हा नाही. आणि प्रयत्न झालेला असला, तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ११५ वं कलम म्हणतं की त्या व्यक्तीवर तीव्र ताण होता असंच धरून चालायचं, खटला भरायचा नाही. हा कायदा २०१८ पासून लागू आहे. जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम नव्या भारतीय न्याय संहितेत आलेलंच नाही. सरकारी नोकराला कामापासून अडवायला म्हणून केलेल्या प्रयत्नापुरतं एक वेगळं कलम आहे, त्याचा या मुलांशी संबंध नाही. प्रयत्न झालेला असेल तर रुग्णालय पोलिसांना कळवतं, ते येऊन जबाब घेतात, हे खरं आहे. पण त्या भीतीने उपचाराला उशीर करू नका, त्यात जीव जातो.

आणखी एक, जे ओपीडीच्या गर्दीत आमच्याकडून सांगायचं राहून जातं. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी किंवा तसले विचार वाढू शकतात, म्हणून याच काळात जास्त लक्ष ठेवायचं. "चालू केल्या, आता सुटलो" असं समजू नका. आणि बरं वाटलं की मनाने बंदही करू नका.

---

वसतिगृह_तीन | सोमवार, सकाळी १०:५०

मी प्राध्यापक आहे आणि सहा वर्षं मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर आहे. निरगुडीचा अनुभव वाचून वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही.

आमची बाजूही सांगतो. तीनशे वीस मुलं, रेक्टर एक, तोही दिवसभर शिकवून रात्री वसतिगृहात. यासाठीचं प्रशिक्षण मला कुणी दिलेलं नाही. काही झालं तर पहिला प्रश्न मलाच येतो: पालकांना का कळवलं नाही? म्हणून आम्ही लगेच घरी फोन करतो आणि "मुलाला काही दिवस घेऊन जा" म्हणतो. माझं मत असं की पालकांना कळवलंच पाहिजे. मूल त्यांचं आहे. उद्या बरंवाईट झालं तर त्यांना काय तोंड दाखवायचं?

---

परतीचा_पाऊस | सोमवार, दुपारी २:२०

वरच्या सरांना उत्तर देतोय. रागाने नाही लिहीत, सर. पण हे मला कुणाला तरी सांगायचंच होतं.

दुसऱ्या वर्षाला असताना मी तिथवर गेलो होतो. मित्रांनी ओळखलं, वॉर्डनना सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वडील आले, मोसंबी-डाळिंबाच्या हंगामात बाग सोडून, नऊ तासांचा एसटीचा प्रवास करून. त्यांना ऑफिसात बसवून एक कागद पुढे केला: मुलाची जबाबदारी आमची, पूर्ण बरा झाल्याचा दाखला आणल्याशिवाय वसतिगृहात प्रवेश नाही. वडिलांनी सही केली. त्यांनी मला एक शब्दही विचारला नाही, मीही बोललो नाही. खोलीवर येऊन त्यांनी माझी पुस्तकं गोणीत भरली, तोंड सुतळीने बांधलं. ती गाठ त्यांनी दोनदा सोडून परत मारली, हात थरथरत होता.

मला जे आधार देत होतं ते सगळं एका दुपारीत गेलं. मित्र, लायब्ररीतली जागा, कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवरचे डॉक्टर. गावात मनोविकारतज्ज्ञ नव्हता, तालुक्यालाही नव्हता. वर्ष गेलं. पुढच्या वर्षी मी परत आलो आणि डिग्री घेतली, पण ती माझ्या धाकट्या बहिणीमुळे. तिने सगळे फॉर्म भरले, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात महिन्याच्या महिन्याला माझ्यासोबत आली. तेव्हा ती अकरावीत होती.

सर, हाच प्रसंग पुढच्या बॅचच्या मुलांनी पाहिला आणि त्यातून ते एकच शिकले: सांगितलं तर घरी पाठवतात. माझ्यानंतर त्या मजल्यावर कुणी काही सांगितलं असेल का?

मला काय हवं होतं ते विचाराल तर, माझा एक मित्र रोज रात्री आठला दाराशी येऊन म्हणायचा, "चल, मेस." सल्ला नाही, भाषण नाही. मी नाही म्हणालो तर तिथेच बसून राहायचा, स्वतःही जेवायचा नाही. मग जावंच लागायचं. त्या काळात मी जेवलो तो त्याच्यामुळे.

---

ऐकणारी | सोमवार, दुपारी ३:१०

परतीचा_पाऊस, लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

वसतिगृह_तीन, पालकांना कळवण्याच्या विरोधात मी नाही. मुलगा किंवा मुलगी सज्ञान असते, म्हणून आधी तिलाच विचारायचं: "घरी कुणाशी बोलू? आई, मामा, थोरली बहीण?" नऊजणांपैकी आठ कुणाचं तरी नाव सांगतात, माझा तरी अनुभव असाच आहे. कधी त्रासाचं मूळ घरातच असतं, तेव्हा वडिलांना केलेला आपला फोन आगीत तेल ओततो. जिवाला धोका असेल तर कळवावंच लागतं, पण काय सांगायचं ते आधी त्या मुलासमोर ठरवायचं आणि त्याच्या समोरच फोन करायचा. पालक आले की त्यांना कागद देण्याआधी पाणी द्या. आणि त्यांच्याकडून सही घ्यायचीच असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटच्या तारखेवर घ्या. घरी जाणं कधीकधी खरंच बरं असतं, मुलाला जायचं असेल तर. पण ती रजा हवी, हकालपट्टी नको. हजेरी, सबमिशन आणि खोली या तीन गोष्टी परत येईपर्यंत राखून ठेवतो, असं विभागप्रमुखाने लिहून दिलं तर पोराचा अर्धा जीव भांड्यात पडतो.

---

सोलापुरी_बाप | सोमवार, सायंकाळी ६:४५

माझी मुलगी पुण्यात शिकते. हा धागा वाचून तिला फोन केला. रोज विचारतो ते "अभ्यास कसा चाललाय?" आज विचारलं, "झोप लागते का गं बाळा?" बराच वेळ काहीच बोलली नाही. मग बोलली. पाऊण तास. आईलाही फोन दिला नाही मी.

रविवारी जाऊन येतो.

---

मुक्काम_पोस्ट | सोमवार, रात्री ८:३०

सगळे मनाबद्दल बोलताहेत, ते हवंच. मला मनाबाहेरचं बोलायचंय.

रोहित वेमुला, हैदराबाद, २०१६. डॉ. पायल तडवी, मुंबई, २०१९. दोघांनी शिकत असतानाच जीव दिला. या दोघांच्या आयांनी मिळून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली ती समुपदेशक नेमा म्हणून नव्हे, उच्च शिक्षणातला जातीभेद थांबवा म्हणून. ज्या पोराला "कोट्यातला" म्हणून रोज टोचलं जातं त्याला श्वासाचे व्यायाम शिकवून भागत नाही. निरगुडीच्या मैत्रिणीची शिष्यवृत्ती अडकली होती, तो मुद्दा धाग्यात मागे पडला. तिला गोळ्या हव्या होत्याच, पण कुणीतरी तिच्यासोबत समाजकल्याणच्या खिडकीवर उभं राहणंही हवं होतं.

म्हणून सोबतीला बसणाऱ्यांनी एक प्रश्न जरूर विचारावा: "हे कुणी करतंय का तुझ्यासोबत?" उत्तर हो आलं तर महाविद्यालयातला अनुसूचित जाती-जमाती कक्ष, मुलींसाठी अंतर्गत तक्रार समिती, रॅगिंग असेल तर १८००-१८०-५५२२ ही देशभराची हेल्पलाइन. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि तक्रार घेऊन त्या पोराला एकटं पाठवू नका.

---

ऐकणारी | सोमवार, रात्री ८:५०

मुक्काम_पोस्ट, शंभर टक्के. आमच्या खोलीत आलेलं मूल आम्ही शांत करून परत त्याच प्रयोगशाळेत पाठवायचं, हे आमच्याही जिवाला लागतं.

---

डेट्रॉइटकर | मंगळवार, पहाटे ४:००

अमेरिकेत एमएसला आलेल्या मराठी मुलांसाठी थोडं. इथे ९८८ हा तीन आकडी नंबर आहे, जुलै २०२२ पासून, फोन किंवा मेसेज दोन्ही चालतं. विद्यापीठांच्या समुपदेशन केंद्राचा बहुतेक ठिकाणी रात्रीचाही फोन असतो, आयडी कार्डाच्या मागे बघा.

आपली मुलं सांगत नाहीत ती व्हिसाच्या भीतीने. "क्रेडिट कमी केले तर स्टेटस जाईल." तसं नाही. डॉक्टर किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र असेल तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर वैद्यकीय कारणासाठी कमी विषय घेता येतात, गरज पडली तर एकही न घेता, एका पदवीच्या पातळीवर एकूण बारा महिन्यांपर्यंत. फक्त विषय सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातून मंजुरी घ्या. आधी सोडले आणि मग विचारलं, तर मात्र अडचण होते. मी स्वतः एक सेमिस्टर असं काढलंय. कर्जाचा आकडा डोक्यात घेऊन बर्फात एकटं चालणं काय असतं ते मला माहीत आहे. कुणाला बोलायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझी रात्र तुमची दुपार असते.

---

वसतिगृह_तीन | मंगळवार, दुपारी १२:१५

परतीचा_पाऊस, तुमचा प्रतिसाद काल रात्री तीनदा वाचला. तुमच्या वॉर्डनच्या जागी मी असतो तर मीही तोच कागद पुढे केला असता. केलाही आहे, दोन वेळा. त्या दोन्ही मुलांचे नंबर आज शोधले. एकाशी बोलणं झालं. दुसऱ्याचा नंबर लागत नाहीये, त्याच्या गावच्या मुलाला निरोप दिलाय.

कामाची माहिती: सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ ला विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल निर्देश दिलेत. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. टेलिमानससारखे नंबर वसतिगृहात, वर्गांत, संकेतस्थळावर मोठ्या ठसठशीत अक्षरांत लावायचे. आणि शिकवणाऱ्या व न शिकवणाऱ्या सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. न शिकवणाऱ्या म्हणजे वॉचमन, मेसच्या मावशी, सफाईवाले, सगळे आले. कुणी जेवायला येत नाही हे आमच्याआधी मावशींना कळतं. मी आज कुलसचिवांना पत्र टाकलं, त्यात या तारखेचा उल्लेख केलाय. विद्यार्थ्यांनी असा अर्ज दिला तर आम्हालाही वर बोलायला बळ मिळतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०२२ साली देशभरात १३,०४४ विद्यार्थी आत्महत्या आहेत, त्यातल्या १,७६४ आपल्या राज्यातल्या. सगळ्या राज्यांत सर्वांत जास्त. हाही आकडा पत्रात घातलाय.

---

नवा_सदस्य_८८ | बुधवार, रात्री १:३८

शोधताना हा धागा सापडला. माझा शाळेपासूनचा मित्र दुसऱ्या शहरात इंजिनिअरिंगला आहे. तासाभरापासून मेसेज करतोय, "तुझे पैसे द्यायचे राहिले, माफ कर", "आईकडे जात जा अधूनमधून". फोन उचलत नाही. मी तीनशे किलोमीटरवर आहे. काय करू?

---

रात्रपाळी | बुधवार, रात्री १:४१

मी आहे इथे. मेसेज करत राहा, थांबवू नका. "मी जागा आहे, कुठे जात नाही, फोन उचल" एवढंच. दुसऱ्या फोनवरून ११२ लावा, त्याचं नाव, वसतिगृह, खोली नंबर सांगा. जवळ कुणी असेल तर त्याला उठवा. त्याच्या कॉलेजातला एकतरी माणूस माहीत आहे का? रूममेट, इन्स्टाग्रामवरचा कुणी, कुणीही?

---

नवा_सदस्य_८८ | बुधवार, रात्री १:४४

त्याच्या वर्गातल्या एकाचा नंबर आहे. एकदा ट्रेकला आला होता.

---

रात्रपाळी | बुधवार, रात्री १:४५

लावा त्याला. उचलेपर्यंत लावा. म्हणावं, खोलीवर जा, दार वाजव, वॉचमनला सोबत ने. आत गेल्यावर ओरडायचं नाही, शेजारी बसायचं आणि तुम्हाला स्पीकरवर घ्यायचं.

---

नवा_सदस्य_८८ | बुधवार, रात्री २:२०

उघडलं दार. दोघं बसलेत त्याच्यापाशी. रडतोय खूप. मी लाइनवर आहे.

---

ऐकणारी | बुधवार, रात्री २:३१

रडू द्या. थेट विचारलं का? विचारा. आणि तिथूनच १४४१६ लावा, तिघांनी मिळून बोला. सकाळपर्यंत त्याला एकटं सोडू नका, आळीपाळीने झोपा. तुम्हीही पाणी प्या.

---

निरगुडी | बुधवार, सकाळी ९:३०

रात्रीचं आत्ता वाचलं. हात गार पडलेत. ८८, जमेल तेव्हा कळव.

आमच्याकडे काल मजल्यावरच्या मुलींनी मिळून अर्ज दिला, बत्तीस सह्या. वसतिगृह_तीन सरांनी सांगितलेली तारीख घातली. नव्या मॅडमनी तिथेच आपला मोबाइल नंबर लिहून दिला. बोर्डावरचा जुना नंबर मी नखाने खरवडून काढला आणि नवा लावला, खाली १४४१६ तळहाताएवढ्या अक्षरांत. वॉचमन मामांच्या केबिनमध्येही एक कागद चिकटवला. ते म्हणाले, "माझ्या गावातल्या पोरालाही चालेल ना हा नंबर?"

---

नवा_सदस्य_८८ | बुधवार, दुपारी १:१०

त्याचा मोठा भाऊ पोहोचला. कुणाला बोलवू असं विचारल्यावर त्यानेच भावाचं नाव सांगितलं. रुग्णालयात आहेत, केसपेपर काढलाय, एकोणीसवा नंबर आहे. ट्रेकवाला मुलगा सकाळपासून तिथेच आहे, कॉलेजला गेला नाही.

मी एसटीत आहे. सातपर्यंत पोहोचेन. तिथे गेल्यावर आधी काय बोलू?

---

परतीचा_पाऊस | बुधवार, दुपारी १:२२

जेवलास का, एवढं विचार. आणि नसेल तर घेऊन जा.